ऋक्षराज आणि गृध्रराज

गेल्या रविवारीं सायंकाळीं आमच्या माजघरांत एक मोठा तंटा उपस्थित झाला. आमचा नातू आणि आमच्या धाकट्या बंधूंचा नातू हे दोघे एकाच इयत्तेंत शिकतात आणि एकाच मोबाइलवर डोळे लावून बसतात. त्या यंत्रांत त्यांनीं कोणत्या तरी दोन प्राण्यांची काल्पनिक झुंज पाहिली होती आणि तेव्हांपासून सर्व सृष्टि त्यांच्या दृष्टीनें एक आखाडा होऊन बसली होती. वाघ आणि सिंह झाले, हत्ती आणि गेंडा झाले. शेवटीं पाळी आली ती अस्वल आणि गिधाड यांची. एक म्हणे, अस्वल एका पंजांत गिधाडाचा चेंदामेंदा करील; दुसरा म्हणे, गिधाड वरून झेंप घालून अस्वलाचे डोळे फोडील. आवाज चढूं लागले तेव्हां सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतूनच निकाल दिला, "मामंजींना विचारा, ते सांगतील तें खरें." अशा रीतीनें हा वाद आमच्या पुढ्यांत येऊन पडला.

आम्ही मुलांस म्हणालों, "बाळांनो, या दोघांची गांठ पूर्वीं एकदां पडलेली आहे. परंतु झुंज कांहीं झाली नाहीं." मुलें चकित झालीं. वाचकहो, जी गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली ती आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. तथापि पुढील विवेचनास तिचा आधार हवा म्हणून थोडक्यांत सांगतों.

किष्किंधाकांडांत सीतेच्या शोधार्थ दक्षिणेस गेलेली अंगदाची तुकडी समुद्रतीरीं येऊन ठेपते. सुग्रीवानें दिलेली मुदत संपलेली, सीतेचा पत्ता नाहीं, आणि परत जावें तर राजदंड ठरलेला. तेव्हां ते सर्वजण दर्भ पसरून प्रायोपवेशनास बसतात. इतक्यांत जवळच्या गुहेंतून पंख जळालेलें एक वृद्ध गिधाड बाहेर येतें आणि आयतें भक्ष्य समोर पाहून संतोष पावतें. हा संपाति. परंतु अंगदाच्या बोलण्यांत जटायूचें नांव येतांच त्याची भूक कोठल्या कोठें जाते. कारण जटायु हा त्याचा धाकटा भाऊ. तरुणपणीं दोघे स्पर्धेनें सूर्याकडे उडाले असतां भावास ताप असह्य झाला, तेव्हां आपले पंख त्याच्यावर धरून संपातीनें ते जाळून घेतले होते. त्या भावाच्या मृत्यूची वार्ता ऐकून तो शोक करतो, त्यास जलांजलि देतो, आणि शंभर योजनांपलीकडे लंकेंत असलेली सीता आपल्या दृष्टीनें पाहून सांगतो. हें ऐकतांच भूमीवरून उठून त्यास प्रश्न विचारणारा कोण? तर ऋक्षराज जांबवान्. पुढें समुद्र कोणीं उल्लंघावा हा विचार निघतो तेव्हां हाच जांबवान् सांगतो कीं, आतां वार्धक्यामुळें नव्वद योजनांपलीकडे आपली धांव नाहीं. आणि मग एकीकडे मौन धरून बसलेल्या मारुतीस त्याच्या सामर्थ्याचें स्मरण करून देतो.

सारांश, अस्वल आणि गिधाड यांपैकीं एकानेंही उडी मारली नाहीं. जावयाचें कोठें हें एकानें सांगितलें, जावयाचें कोणीं हें दुसऱ्यानें सांगितलें. एकानें दूरचें पाहिलें, दुसऱ्यानें मागचें स्मरलें. परंतु त्या दोन म्हाताऱ्यांवांचून ती उडी झालीच नसती.

आतां काव्य बाजूस ठेवून प्राणिशास्त्राकडे वळूं.

आपल्याकडील अस्वल ही या भरतखंडाचीच मिरास आहे; त्याबाहेर हें अस्वल रानांत कोठेंही आढळत नाहीं. आपल्या विदर्भांत मेळघाट, ताडोबा आणि बुलढाण्याचें ज्ञानगंगा अभयारण्य येथें तें अद्याप नांदतें. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन ८० ते १४५ किलो भरतें. अंगावर काळे राठ लांब केस, छातीवर पांढुरकी खूण, आणि पुढील पायांस बोटभर लांबीचीं वांकडीं नखें. हें ध्यान पाहून कोणाही माणसानें त्यास क्रूर मांसाहारी समजावें. वस्तुतः त्याचें मुख्य अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, मध आणि फळें. बोरें, जांभळें, उंबरें, बहाव्याच्या शेंगा आणि मोहाचीं फुलें यांवर त्याचा ऋतूऋतूचा निर्वाह चालतो. वारूळ नखांनीं फोडावें, फुंकर घालून माती उडवावी, नाकपुड्या मिटून घ्याव्या आणि ओंठांची नळी करून वाळवी ओढून घ्यावी, अशी त्याची रीत. या ओढण्यास अडथळा होऊं नये म्हणून कीं काय, निसर्गानें त्याच्या वरच्या जबड्यांतील मधले दोन दांतच गाळून टाकले आहेत. हा भोजनाचा आवाज शंभर पावलांवरूनही ऐकूं येतो. म्हणजे या गृहस्थास जेवतांना फुरके मारूं नयेत असें शिकविणारें कोणी भेटलें नाहीं इतकेंच!

अस्वलाची मादी हिवाळ्याच्या सुमारास गुहेंत एक किंवा दोन पिलांस जन्म देते आणि बाहेर पडूं लागल्यावर कित्येक महिने त्यांस पाठीवर घेऊन हिंडते. अस्वलांच्या सर्व जातींत पिलांस नित्य पाठीवर वाहणारी ही एकच.

गिधाडाची गणना पक्षिशास्त्रांत गरुड, घार यांच्याच गोत्रांत, म्हणजे शिकारी पक्ष्यांत करतात. परंतु तें शिकार करीत नाहीं. त्याच्या नखांत भक्ष्य पकडून ठेवण्याचें बळच नसतें. अस्वलाची नखें शस्त्रासारखीं, पण पोट वाळवीवर. गिधाडाचें कुल शिकाऱ्याचें, पण हात कोणाच्या प्राणास लागलेला नाहीं. आपल्या प्रांतांत याच्या दोन जाती मुख्य. पांढऱ्या पाठीचें गिधाड उंच झाडांवर घरटें करतें, लांब चोचीचें गिधाड डोंगराच्या कड्यांवर. वजन पांच-सहा किलो, पंखांचा विस्तार मात्र दोन मीटरांहून अधिक. तापलेल्या हवेच्या स्तंभावर आरूढ होऊन पंख न हलवितां तें तासच्या तास तरंगतें आणि खालची भूमि न्याहाळतें. त्याच्याच एका आफ्रिकी भाऊबंदाची १९७३ सालीं सुमारे ११,३०० मीटर उंचीवर एका विमानाशीं टक्कर झाल्याची नोंद आहे. सूर्याकडे झेंपावणाऱ्या दोन भावांची कथा ज्या कवीस सुचली, त्यानें या पक्ष्याचें उड्डाण डोळे भरून पाहिलें असावें.

येथें दोघांचा भेद स्पष्ट होतो. अस्वलाची दृष्टि आणि श्रवण दोन्ही मंद. त्याचा सर्व व्यवहार नाकावर. आपलें गिधाड वासावर विसंबत नाहीं. त्याचा सर्व व्यवहार डोळ्यांवर. एक मान खालीं घालून भूमि हुंगतो, दुसरा आकाशांतून ती वाचतो. एकाचा बहुतेक संसार एकट्याचा, दुसऱ्याचा समुदायाचा. एक गिधाड खालीं उतरलें कीं मैलांवरचें दुसरें तें पाहतें, त्यास पाहून तिसरें येतें, आणि घटकाभरांत पंगत बसते. अस्वलाच्या पिलांस आई एकटीच वाढवते. गिधाडाच्या घरीं वर्षास एकच अंडें, आणि तें नर व मादी आळीपाळीनें उबवितात.

साम्य मात्र एका गोष्टींत विलक्षण आहे. दोघांच्याही वांट्यास वाईट नांव आलें. इंग्रजींत आपल्या अस्वलास 'स्लॉथ बेअर' म्हणतात आणि त्याचा अर्थ आळशी अस्वल असाच कोणीही करील. वास्तविक १७९१ सालीं जॉर्ज शॉ नामक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याचीं लांब नखें आणि नसलेले दांत पाहून दक्षिण अमेरिकेंतील स्लॉथ नांवाच्या झाडावर लोंबकळणाऱ्या मंद प्राण्याचाच हा एक प्रकार, असें समजून त्याचें नामकरण केलें. पुढें चूक उमगली, पण नांव चिकटलें तें चिकटलेंच. त्या गोऱ्या पंडितास आपण हंसावें तर आपल्या गीर्वाणभाषेंत तरी काय आहे? 'गृध्र' हा शब्द 'गृध्' धातूपासून आलेला; त्याचा अर्थ हांव धरणें. म्हणजे आपल्या पूर्वजांनींही त्या पक्ष्यास लोभीच ठरविलें. वारुळांत रात्रभर खपणारा तो आळशी, आणि दुसऱ्यांनीं टाकून दिलेलें खाणारा तो लोभी! माणसाचा न्याय हा असा.

परंतु नांवानें कोणी मरत नाहीं. या दोघांवर माणसाच्या हातून याहून मोठा प्रसंग गुदरला, आणि त्यांत आमचाही हात आहे, हें येथें लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों.

आमच्या लहानपणीं गांवांत अस्वल घेऊन दरवेशी येत असे. अस्वलाच्या मुसकटांतून दोरी ओंवलेली असे. ती ओढली कीं तें दोन पायांवर उभें राही. आम्हां मुलांस त्याच्या पाठीवर बसवीत, म्हणजे भय जातें अशी समजूत. आमच्या आजीनें चार आणे देऊन त्याचा केस घेतला आणि ताईतांत घालून आमच्या दंडांत बांधला. आजीची माया निर्मळ होती. परंतु तें अस्वल पिलूं असतांना आईपासून हिसकावून आणलेलें असे, त्यासाठीं बहुधा आईचा जीव घेतलेला असे, आणि तापलेल्या सळईनें त्याच्या नाकास भोंक पाडलेलें असे, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. तिनेंही विचारलें नव्हतें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, तरी हा खेळ चालूच राहिला. शेवटीं २००९ सालीं, त्या जमातीच्या लोकांस दुसरे धंदे लावून देऊन, आपल्या देशांतील शेवटचें नाचरें अस्वल सोडविण्यांत आलें असें मानतात.

गिधाडाची गोष्ट याहून दारुण आहे. १९९८ सालीं कोंकणांतील आमच्या मूळ घरीं चंद्री नांवाची गाय होती. तिला उठतां येईना. आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, रात्र रात्र गोठ्यांत बसून तिचे पाय चोळीत. शेवटीं तालुक्याहून पशुवैद्य आले आणि त्यांनीं वेदनाशामक औषध टोंचलें. गाय वांचली नाहीं. परंतु शेवटचे दोन दिवस ती शांत पडून होती, आणि त्या शांततेचें दादांस मोठें समाधान वाटलें. रिवाजाप्रमाणें तिला गांवाबाहेरच्या माळावर नेलें. तीसेक गिधाडें उतरलीं. पाऊण तासांत तेथें हाडांवांचून कांहीं उरलें नाहीं. दादा दुरून हात जोडून उभे होते. दोन वर्षांनीं पाहतों तों त्या माळावर एकही गिधाड नाहीं, आणि उंच आंब्यांवरचीं घरटीं ओस पडलेलीं.

आम्हांस वाटलें, गेलीं असतील दुसरीकडे. सर्व देशास तसेंच वाटलें. १९८५ च्या सुमारास पांढऱ्या पाठीचें गिधाड हा जगांतील बहुधा सर्वांत विपुल असा मोठा शिकारी पक्षी मानला जात असे. भरतपूरच्या पक्षिवनांत नित्य मोजणी करणारे मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळाचे विभु प्रकाश यांनीं नव्वदीच्या दशकांत धोक्याची सूचना दिली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशांत या जातीचीं हजारांत जेमतेम एक उरलीं. लांब चोचीचीं शंभरांत तीन. कारण कळलें तें २००४ सालीं, लिंडसे ओक्स यांच्या शोधपथकानें पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें तपासलीं तेव्हां. डायक्लोफिनॅक नांवाचें गुरांस देण्यांत येणारें वेदनाशामक औषध हेंच तें कारण. ज्या पक्ष्याच्या जठराग्नीपुढें कुजलेल्या मांसांतील घोर रोगजंतु टिकत नाहींत, त्याचीं मूत्रपिंडें या औषधाच्या अल्प अंशानें निकामी होतात. शास्त्रज्ञांनीं गणित मांडून दाखविलें कीं, शंभरांत एखादें कलेवर दूषित असलें तरी एवढा संहार होण्यास तें पुरेसें आहे.

तें वृत्त वाचलें त्या दिवशीं आम्हीं दादांस चंद्रीच्या औषधाचें नांव विचारलें. रिकामी कुपी गोठ्याच्या फळीवर अद्याप होती. त्यांनीं ती आणून दाखविली आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, मी तिचें दुखणें हलकें केलें."

दादांचा अपराध काय? कांहीं नाहीं. आजीचाही नाहीं. दोघांनींही केलें तें मायेपोटीं. परंतु जी माया आपल्या दावणीपुरतें पाहते आणि त्यापलीकडे काय होतें हें विचारीत नाहीं, ती क्रौर्याइतकाच अनर्थ करूं शकते. अस्वलावर झालेला अन्याय निदान डोळ्यांपुढें होता. दोरी दिसत होती, व्रण दिसत होता. शिवाय अस्वल आपला विसर पडूं देत नाहीं. मोहफुलें वेंचावयास पहांटे गेलेल्या माणसाची व त्याची अवचित गांठ पडली तर तें घाबरून उभें राहतें आणि तोंडावरच घाव घालतें. म्हणून त्याची दखल घ्यावीच लागते. गिधाडानें कोणास ओरखडा काढला नाहीं. म्हणून तें गेलें तरी कोणीं मान वर करून पाहिलें नाहीं.

त्याचें मोल मागाहून कळलें. मेलेलीं गुरें उघड्यावर कुजूं लागलीं, भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली, पाणी दूषित झालें. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा अंदाज मांडला आहे कीं, गिधाडांच्या अभावीं २००० ते २००५ या काळांत आपल्या देशांत सुमारे पांच लक्ष माणसें अधिक मेलीं. मुंबईंतील आपल्या पारशी बांधवांस तर शेंकडों वर्षांचा अंत्यविधि कसा चालवावा हा प्रश्न पडला, आणि दोखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारीं उपकरणें बसवावीं लागलीं.

आतां जें चाललें आहे तेंही सांगितलें पाहिजे. २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बनविण्यास बंदी झाली. माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जाऊं लागल्या, म्हणून २०१५ सालीं ती कुपी ३ मिलिलिटरांची, एका वेळेपुरती, करण्यांत आली. २०२३ सालीं कीटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक या तसल्याच दोन औषधांवरही गुरांपुरती बंदी आली. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांचें प्रजननकेंद्र आहे. त्यास जटायूचेंच नांव दिलेलें आहे. तेथील कांहीं पक्षी २०२४ सालीं आपल्या ताडोबा व पेंचच्या अरण्यांत आणण्यांत आले. वर्षास एक अंडें घालणाऱ्या जातीचें हें काम. तें पिढ्यांच्या हिशेबानें चालणार. कर्नाटकांत, ज्या हंपी-आनेगुंदीच्या परिसरास परंपरा किष्किंधा मानते, त्याच्याच जवळ दरोजी येथें १९९४ पासून अस्वलांचें अभयारण्य आहे. आणि त्याच प्रांतांत रामनगर येथील रामदेवर बेट्टावर २०१२ पासून गिधाडांचें. ऋक्षराजास आणि गृध्रराजास एकाच राज्यांत आसरा मिळाला हा योग आम्हांस मोठा हृद्य वाटतो.

ज्या वाचकांच्या घरीं किंवा मूळ गांवीं अद्याप गुरें आहेत, त्यांस आमची एक विनंति आहे. जनावराचें दुखणें अवश्य हलकें करावें. परंतु पशुवैद्यास औषधाचें नांव विचारावें. मेलॉक्सिकॅम नांवाचें औषध तेंच काम करतें आणि गिधाडास बाधत नाहीं. नांव विचारण्यास पैसा पडत नाहीं. आमच्या घरीं तें एकदां विचारावयाचें राहून गेलें.

मुलांस हें सर्व सांगून झाल्यावर धाकट्यानें विचारलें, "पण झुंज झाली असती तर?" आम्ही म्हणालों, झालीच नसती, एकाचें अन्न वारुळांत, दुसऱ्याचें मेलेल्या गुरांत, भांडावयाचें कशासाठीं? या उत्तरानें त्यांचें समाधान झालें असें दिसलें नाहीं, कारण लागलीच मगर आणि अजगर यांचा विषय निघाला. असो.

नाशिक जिल्ह्यांत टाकेद येथें जटायु पडला असें मानतात. आणि त्याच जिल्ह्यांत अंजनेरीच्या कड्यांवर, जेथें मारुतीचें जन्मस्थान सांगतात, लांब चोचीचीं गिधाडें अद्याप घरटीं करतात. येत्या थंडींत दोन्ही नातवांस घेऊन तेथें जाण्याचा बेत आहे. दादाही येणार आहेत. त्यांचे गुडघे आतां साथ देत नाहींत, म्हणून ते पायथ्याशींच बसतील. कड्यावर गिधाड दिसलें तर कोणीं तरी धांवत खालीं येऊन आधीं त्यांस सांगावयाचें, असें ठरलें आहे.